पिल्लाच्या किमतीपलीकडचा हिशेब

प्रति,
मा. संपादक,

विषय : कुत्रा पाळण्यापूर्वी करावयाची निवड, त्यामागचा खर्च आणि पिल्लांच्या छोट्या जाहिराती

महोदय,

शाळांच्या वार्षिक परीक्षा संपत आल्या की आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘लॅब्राडॉर, पग, हस्की पिल्ले मिळतील’ अशा ओळी दिसू लागतात आणि त्यांच्या खाली केवळ एक मोबाइल क्रमांक असतो. पिल्लाचे वय किती, त्याला लस टोचली आहे की नाही, विकणाऱ्याकडे नोंदणी आहे की नाही, यांपैकी कशाचाही उल्लेख तेथे नसतो. नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या भागांत नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या तशी कुत्रा पाळणारी कुटुंबेही वाढली आणि त्याचा आनंदच आहे. परंतु सुट्टीत मुलांच्या हट्टाखातर आणलेले पिल्लू पावसाळ्यात गच्चीवर बांधलेले दिसते, दिवाळीच्या सुमारास ‘कोणाला हवे असल्यास कळवावे’ या मजकुरासह त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर फिरू लागते आणि घेणारा न मिळाल्यास ते एखाद्या दिवशी महामार्गालगतच्या ढाब्यापाशी सोडून दिले जाते, हा क्रम मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. असे करणारी माणसे मनाने दुष्ट असतात असे मला वाटत नाही. पिल्लाची किंमत त्यांनी चार ठिकाणी विचारलेली असते, पण कुत्र्याचा खर्च कोठेच विचारलेला नसतो.

मी सातपूरच्या एका कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालो असून आमच्या घरात वडिलांच्या काळापासून कुत्रे आहे, त्यामुळे या गोष्टीचाही जमाखर्च मांडण्याची सवय लागली आहे. शहरात सर्वाधिक दिसणाऱ्या लॅब्राडॉरचे उदाहरण घेतो. पूर्ण वाढलेल्या, ३० किलोच्या आसपास वजनाच्या लॅब्राडॉरला दिवसाला साधारण ३०० ते ३५० ग्रॅम कोरडे खाद्य लागते, म्हणजे महिन्याला जवळजवळ १० किलो. मध्यम दर्जाच्या खाद्याचा भाव किलोला ३०० रुपये धरला तरी ३,००० रुपये केवळ खाण्याचे झाले. गोचीड-पिसवांवरचे औषध, जंतनाशक, शाम्पू, नखे कापणे, दरवर्षीच्या लसी आणि पशुवैद्यांकडच्या किरकोळ फेऱ्या यांची वर्षभराची रक्कम बारा महिन्यांत वाटली तर आणखी दीड हजार रुपये सहज होतात. महिन्याचे ४,५०० म्हणजे वर्षाचे ५४,००० रुपये, आणि कुत्रा बारा वर्षे जगेल असे मानले, जे लॅब्राडॉरच्या बाबतीत अगदी स्वाभाविक आहे, तर एकूण ६,४८,००० रुपये. यात महागाई धरलेली नाही, आजारपण धरलेले नाही आणि कुरतडलेला सोफाही धरलेला नाही. ज्या २०,००० रुपयांच्या पिल्लासाठी आपण अर्धा तास घासाघीस करतो, ती रक्कम या बेरजेच्या तीन टक्क्यांच्या आसपास भरते.

पहिले वर्ष नेहमीच महाग असते. डिस्टेंपर, पार्व्हो आदी रोगांवरील लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळा आठवड्यांपर्यंत पुन्हा द्यावी लागते, रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर टोचतात आणि लहान वयात जंताचे औषधही वरचेवर द्यावे लागते. खासगी दवाखान्यात या सर्वांचे मिळून पाच-सहा हजार रुपये आणि पुढे नसबंदी करून घेतल्यास, कुत्र्याचे वजन आणि लिंग यांनुसार, सहा ते बारा हजार रुपये धरून चालावे. नसबंदीचा खर्च अनेकांना अनाठायी वाटतो. परंतु नसबंदी न झालेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होण्याचा आजार होऊ शकतो, तेव्हा तीच शस्त्रक्रिया रात्री-अपरात्री, जिवावरच्या अवस्थेत आणि कितीतरी अधिक पैसे मोजून करावी लागते. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयासारख्या शासकीय ठिकाणी खर्च पुष्कळ कमी येतो, हे मुद्दाम नोंदवतो, कारण अनेक कुटुंबांना शासकीय दवाखाना फक्त गाई-म्हशींसाठी असतो असे वाटते.

घरचे अन्न दिले तर खर्च निम्म्यावर येतो हे खरे, पण ते अन्न कुत्र्याच्या गरजेचे असले पाहिजे. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपल्याकडे घरोघरी सांगतात. तथापि वाढत्या पिल्लाला तुपापेक्षा प्रथिनांची निकड अधिक असते आणि दोन्ही वेळा दूध-पोळीवर वाढवलेल्या पिल्लाला ती पुरेशी मिळत नाहीत. अंडी, कोंबडी, भात, थोडी भाजी असा आहार पशुवैद्यांकडून प्रमाण ठरवून घेऊन द्यावा. शाकाहारी घरातही कुत्रा नीट वाढू शकतो, मात्र तेथे प्रथिनांचा हिशेब अधिक काटेकोर ठेवावा लागतो. मोठ्या जातीच्या पिल्लाला स्वतःच्या मनाने कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नयेत, कारण जादा कॅल्शियमने वाढत्या हाडांची हानी होते. आणि आपल्या जिल्ह्याचे म्हणून जे दोन पदार्थ देशभर जातात, ती द्राक्षे आणि तो कांदा, दोन्ही कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षे व बेदाणे यांमुळे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि किती खाल्ल्यावर धोका आहे याचा भरवशाचा आकडा सांगता येत नाही. कांद्यामुळे तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो. निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यांत मोकळा फिरणारा कुत्रा आणि शहरात रस्सा-भात खाणारा कुत्रा, दोघांच्याही मालकांना हे ठाऊक असणे आवश्यक आहे.

आता निवडीविषयी. जात निवडताना लोक चेहरा पाहतात आणि घर, हवा व वेळ यांचा विचार मागे पडतो. सायबेरियाच्या थंडीत बर्फावरून गाडी ओढण्यासाठी घडलेला हस्की एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जाणाऱ्या नाशकात दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये काय करणार? त्याला एसी हवा. दिवसाला आठ तास एसी चालला तर महिन्याला सुमारे अडीचशे युनिटे वाढतात आणि महावितरणच्या वरच्या टप्प्याचा दर लागू होतो. म्हणजे कुत्र्याचा उन्हाळा विजेच्या बिलातही दिसू लागतो. सेंट बर्नार्डचे तेच. चपट्या नाकाच्या पगला श्वास घेणेच अवघड जाते, उष्मा त्याला चटकन बाधतो आणि डोळ्यांच्या व त्वचेच्या तक्रारी आयुष्यभर चालू राहतात. लांब कण्याच्या डॅशहंडला पाठीच्या मणक्यांचे दुखणे, लोंबत्या कानांच्या कॉकर स्पॅनिएलला कानाचे संसर्ग, तर लॅब्राडॉर आणि जर्मन शेफर्ड यांना खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक विकार संभवतो. म्हणून विकणाऱ्याकडे पिल्लाच्या आई-वडिलांच्या खुब्याचे एक्स-रे मागण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, कागद वंशावळीची नोंद सांगतो, तो आरोग्याचा दाखला नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ फसवणूक टळेल.

देशी जातींचा अभिमान बाळगणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे. आपल्याकडचा कारवानी आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातला मुधोळ हे शिकारी, सडपातळ, वेगवान कुत्रे आहेत. टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये चार भारतीय जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. कारवानी आणि मुधोळ यांना आपली हवा मानवते, खाणे बेताचे लागते आणि अंगावर केसांचा पसारा नसतो. परंतु मोकळे धावायला न मिळाल्यास ते कुढतात किंवा घर डोक्यावर घेतात. ज्याच्याकडे मळा आहे किंवा रोज पहाटे मैदानावर नेण्याची चिकाटी आहे, त्यानेच त्यांच्या वाटेला जावे.

रॉटवायलर, पिटबुल यांसारख्या दांडग्या जातींबाबत केंद्राने मार्च २०२४ मध्ये २३ जातींवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले होते आणि संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्यामुळे कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द ठरवले. बंदी नाही याचा अर्थ जबाबदारी नाही असा मात्र होत नाही. पाळीव प्राण्यापासून इतरांना इजा होऊ नये याची काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. बंगल्याच्या फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध’ अशी पाटी लावली की आपले काम संपले, असे मानणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे.

बंगल्यावरून आठवले. गंगापूर रोडच्या पलीकडे, देवळाली कॅम्प, सिन्नर, निफाडचा ऊसपट्टा अशा भागांत राखणीसाठी कुत्रा आणून तो रात्री अंगणात साखळीला बांधण्याची रीत आहे. या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे हे आपल्याच पानांवरील बातम्यांवरून सर्वांना ठाऊक आहे. शेजारच्या अकोले खोऱ्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा जो अभ्यास केला, त्यात भक्ष्यामध्ये सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच आढळला होता. साखळीला बांधलेला कुत्रा बिबट्याच्या दृष्टीने पळू न शकणारे भक्ष्य असतो आणि त्याच्या निमित्ताने बिबट्या थेट ओट्यापर्यंत येतो. अशा ठिकाणी कुत्रा पाळायचाच असेल तर वरून बंद, मजबूत जाळीची खोली बांधण्याचा खर्च पिल्लू आणण्याआधी हिशेबात घ्यावा, अथवा त्याला रात्री घरात घ्यावे.

पिल्लू कोठून घ्यावे हा प्रश्न खर्चाशी थेट जोडलेला आहे. केंद्र शासनाने २०१७ मध्ये श्वानपैदास व विक्रीसंबंधीचे नियम केले. त्यांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय पैदास किंवा विक्री करता येत नाही, दोन महिन्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही, विक्रीपूर्वी मायक्रोचिप बसवावी लागते, अठरा महिन्यांच्या आतील मादीपासून पैदास करता येत नाही आणि एका मादीपासून आयुष्यात पाचापेक्षा अधिक वेत घेता येत नाहीत. प्रत्यक्षात जाहिरातीतील क्रमांकावर फोन केल्यास तीस-पस्तीस दिवसांचे पिल्लू ‘आजच घेऊन जा, उद्या राहणार नाही’ असे सांगून दाखवले जाते, आणि तेही पिल्लाच्या आईजवळ नव्हे, तर पार्किंगमध्ये किंवा एखाद्या चौकात, खोक्यातून. एवढ्या लवकर आई-भावंडांपासून तोडलेल्या पिल्लाला चावण्याचा जोर आवरण्याचे शिक्षण मिळालेले नसते, कारण ते शिक्षण भावंडांशी खेळतानाच होते.

याहून गंभीर गोष्ट पार्व्होची आहे. या विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, क्वचित त्याहून अधिक काळ जातो. म्हणजे विक्रीच्या दिवशी टुणटुण उड्या मारणारे पिल्लू चौथ्या-पाचव्या दिवशी उलट्या आणि रक्ताचे जुलाब करू लागते, तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झालेला असतो आणि सलाईन, इंजेक्शने, रोजच्या दवाखान्याच्या फेऱ्या यांचे दहा-पंधरा हजार रुपये नव्या मालकाच्या माथी येतात. उपचार करूनही पिल्लू वाचेलच याची हमी नसते. हा विषाणू जमिनीवर, भांड्यांत, पायपुसण्यात कित्येक महिने टिकतो. म्हणून ज्या घरात पिल्लू पार्व्होने दगावले, तेथे मुलांचे रडणे थांबावे म्हणून पुढच्याच आठवड्यात दुसरे पिल्लू आणणे हा शुद्ध अविचार आहे. आधी फरशी आणि भांडी सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक करावीत, पशुवैद्यांना विचारावे आणि मग लसीकरण पूर्ण झालेलाच कुत्रा आणावा.

मोठ्या आजारासाठी ५०,००० रुपये बँकेत वेगळे ठेवावेत असे मी ओळखीच्यांना सांगतो. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर पुष्कळ आढळतो. रक्ततपासण्या, औषधे आणि वेळप्रसंगी दुसऱ्या कुत्र्याचे रक्त देणे, असा तो खर्च वाढत जातो. मणक्यांची शस्त्रक्रिया, एमआरआय अशा गोष्टींसाठी मुंबई किंवा पुणे गाठण्याची वेळ येऊ शकते आणि मग गाडीभाडे, मुक्काम, बुडालेली रजा हेही त्यात मिळवावे लागते. काही विमा कंपन्या कुत्र्याचा विमा उतरवतात, पण वयाची अट आणि आधीपासूनच्या आजारांना वगळणारी कलमे वाचल्याशिवाय हप्ता भरू नये.

पैशाइतकाच वेळेचा प्रश्न आहे आणि त्याचेही शेवटी पैसेच होतात. दोघेही अंबडला किंवा मुंबई नाक्याजवळच्या कार्यालयात नोकरीला, मूल शाळा-क्लासला, अशा घरात दिवसातून दोनदा कुत्र्याला बाहेर नेणारा माणूस पगारी ठेवावा लागतो. लग्नसराईत किंवा गावी जाताना बोर्डिंगचे दिवसाला काही शे रुपये लागतात, तेही आधी जागा राखून ठेवली असेल तर. रेल्वेने सोबत न्यायचे म्हटले तर प्रथम वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातील पिंजऱ्यात त्याला एकट्याला पाठवावे लागते. सोसायटीत कुत्रा पाळण्यास सरसकट मनाई करता येत नाही हे खरे असले तरी जिन्यात आणि बागेत त्याने केलेली घाण पिशवीत उचलण्याचे काम मालकाचेच आहे. जॉगिंग ट्रॅकवर त्याविषयी जी रोजची भांडणे होतात, त्यांत चूक कोणाची असते हे सांगायला नको. महापालिकेकडची नोंदणी आणि रेबीज लसीचे कार्ड घरात तयार असावे.

हे सर्व वाचून कोणी कुत्रा पाळण्याचा विचारच सोडून द्यावा असा माझा हेतू नाही. ज्यांना बेताच्या खर्चात कुत्रा हवा आहे, त्यांनी दीड-दोन वर्षांचा, नसबंदी आणि लसीकरण झालेला गावठी कुत्रा दत्तक घेण्याचा अवश्य विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची वाढ पूर्ण झालेली असते, स्वभाव डोळ्यांसमोर असतो, लहानपणीचे जीवघेणे आजार मागे पडलेले असतात. पंधरा-अठरा किलोच्या अशा कुत्र्याचे घरच्या योग्य आहारावर आणि नियमित औषधांवर महिन्याला दोन हजार रुपयांच्या आसपास भागू शकते आणि आपल्या हवेशी त्याचे पिढ्यान्‌पिढ्या जुळलेले आहे. मात्र रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला बंद फ्लॅटची सवय होण्यास काही आठवडे द्यावे लागतात. तो घाबरट असेल तर फटाक्यांच्या दिवसांत त्याला सांभाळावे लागते. फुकट मिळाला म्हणून तो फुकटात सांभाळला जाईल असे नाही.

कुत्रा सोडून देणाऱ्याला शिक्षा काय, हेही सांगण्यासारखे आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहान यांमुळे प्राण्याला यातना होतील अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे किमान १० आणि कमाल ५० रुपये. महिन्याला साडेचार हजार रुपये वाचवू पाहणाऱ्याला ५० रुपयांची भीती दाखवून काही साधणार नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जे हाती आहे ते पिल्लू विकत घेण्याच्या क्षणाआधीच करावे लागेल.

आणि तेथेच आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. पिल्लांच्या विक्रीची छोटी जाहिरात स्वीकारताना जाहिरातदाराचा नोंदणी क्रमांक आणि पिल्लांची जन्मतारीख विचारून ती जाहिरातीत छापण्याची अट आपण घालावी. नोंदणी नसेल तर ती जाहिरात घेऊ नये. एखाद-दुसऱ्या ओळीचे उत्पन्न त्यामुळे कमी होईल, परंतु प्रामाणिकपणे नोंदणी केलेल्या पैदासकारांची त्याला हरकत असण्याचे कारण नाही. खोक्यातून पिल्ले विकणाऱ्यांचीच अडचण होईल. त्याच पानावर, सुट्ट्यांच्या दोन महिन्यांपुरती का होईना, दत्तक देण्याजोग्या प्रौढ कुत्र्यांसाठी चार ओळींची विनामूल्य जागा ठेवता आली तर शहरातील प्राणीप्रेमी मंडळी ती आनंदाने भरतील. यंदाच्या परीक्षा संपण्यापूर्वी याबाबत आपला निर्णय कळला तर आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर तो लावण्याची व्यवस्था मी करीन.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
इंदिरानगर, नाशिक